अकरा जण होते, तरी ती कुणाकडेच नव्हती

वाचकाचं पत्र: आमच्या वाचनालयातर्फे दर मे महिन्यात मुलांचं उन्हाळी शिबिर भरतं. बारा दिवस, सकाळी साडेसात ते साडेअकरा, शेजारच्या शाळेच्या आवारात. यंदा ६४ नावं आली आहेत: ६ ते ८ वयाची २४ आणि ९ ते १३ वयाची ४०. माणसं आम्ही अकरा. दोन निवृत्त शिक्षक (एक गुरुजी, एक बाई), कॉलेजची सहा मुलं-मुली, दोन मुलांच्या आया आणि मी. शिवाय दहावीची परीक्षा दिलेल्या दोन मुली, शाळेच्या मावशी आणि रोज तासभर येणारे चित्रकलेचे सर. गेल्या वर्षी ‘सगळ्यांनी मिळून सगळं बघायचं’ असं ठरवलं होतं. पाचव्या दिवशी मैदानावरून हॉलमध्ये जाताना सात वर्षांची एक मुलगी शौचालयात अडकून राहिली. आतली कडी गच्च बसली होती. वीस मिनिटांनी मावशींना रडणं ऐकू आलं. आमच्यातल्या प्रत्येकाला वाटत होतं, ती दुसऱ्या कुणाकडे तरी आहे. कामं कशी वाटावीत? आणि वाटताना ज्येष्ठांचा मान दुखावू नये, ही धास्ती वेगळीच.
– एक शिबिरप्रमुख, सोलापूर

नमस्कार ताई,

दुखणं ‘सगळ्यांनी मिळून’मध्येच आहे. लग्नघरात वीस बायका वावरत असतात, आणि बाळ कुणाकडे आहे विचारलं की प्रत्येकजण दुसरीकडे बोट दाखवते. तुमचे अकराही जण कामसू असणार. पण गेल्या वर्षी तुम्ही सगळी कामं सगळ्यांची ठेवलीत, मुलं वाटली नाहीत. यंदा असा क्रम ठेवा. आधी ६४ मुलं माणसांच्या नावावर करा, मग उरलेल्या माणसांत कामं वाटा. सकाळचं कुठलंही मिनिट घ्या, कुठल्याही मुलाकडे बोट दाखवा आणि विचारा, ‘हे आत्ता कुणाचं?’ उत्तरात एकच नाव यायला हवं. दोन नावं आली, तर समजा की ते मूल कुणाचंच नाही.

आता हिशेब. अमेरिकन कॅम्प असोसिएशन दिवसाच्या शिबिरांसाठी जे प्रमाण सांगते ते असं: ६ ते ८ वयाच्या आठ मुलांमागे एक मोठं माणूस, ९ ते १४ वयाच्या दहा मुलांमागे एक. तुमच्या आकड्यांत ते नीट बसतं. लहानांचे आठ-आठचे तीन गट, मोठ्यांचे दहा-दहाचे चार गट, म्हणजे सात गटताई-गटदादा. या प्रमाणात फक्त मुलांसोबत प्रत्यक्ष असणारी माणसं धरायची. ‘आम्ही अकरा, मुलं ६४, म्हणजे सहामागे एक, भरपूर झालं’ हा हिशेब बहुतेक शिबिरांत होतो. मग नोंदवहीवर बसलेले, चार्टपेपर आणायला गेलेले आणि चहाकडे बघणारे वजा केले की मैदानावर चारच उरतात.

सातांनंतर तुमच्याकडे चार माणसं राहतात. प्रमुख म्हणजे तुम्ही, दारावर एक, प्रथमोपचार आणि पाणी यांवर एक, आणि एक राखीव. पत्रावरून तरी वाटणी अशी दिसते: बाईंना लहानांचा एक गट, कॉलेजच्या पाच जणांना आणि एका आईला उरलेले सहा गट. कॉलेजमधला सगळ्यात चपळ आणि सगळ्यात कमी रुसणारा मुलगा राखीव. दुसरी आई पेटी आणि पाण्यावर, गुरुजी दारावर. गट घेणाऱ्या आईचं स्वतःचं मूल तिच्या गटात नको. ते रडलं की तिचं लक्ष बाकीच्यांवरून उठतं, आणि नाही रडलं तरी बाकीची मुलं ‘तिलाच पहिला नंबर देतात’ म्हणणारच.

आणखी एक, खास तुमच्या गावाचं. सोलापुरात घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी मुलं भरपूर. सहा वर्षांच्या मुलाला मराठी खेळण्यापुरतं छान येतं, पण पोटात दुखायला लागलं की ते घरच्या भाषेवर जातं. लहानांच्या तीन गटताईंपैकी एकीला तरी तेलुगू आणि एकीला कन्नड कळेल असं बघा आणि मुलं त्याप्रमाणे घाला. फॉर्मवर ‘घरी कुठली भाषा बोलता’ हा रकाना आताच वाढवा.

गटताईचं काम काय, हे कागदावर चार ओळींत असायला हवं, नाहीतर प्रत्येकजण आपापलं शिबिर चालवतो. तिने गट दारावरून घेतला की परत दारावर देईपर्यंत त्याला सोडायचं नाही. रंग संपले, पाणी आणायचंय, कुणाला लागलंय, काहीही झालं तरी ती उठून जात नाही. हात वर करते आणि राखीव येतो. सुरुवातीला हे सगळ्यांना अवघड जातं. ‘दोन मिनिटांत फेविकॉल घेऊन येते’ हे वाक्य इतकं सवयीचं आहे की बोलणाऱ्यालाही ऐकू येत नाही. त्या दोन मिनिटांची सहा होतात, आणि तेवढ्यात कात्रीवरून भांडण लागलेलं असतं.

खरी जोखीम खेळात नसते. ती एका जागेवरून दुसरीकडे जाताना असते. तुमची मुलगी तिथेच राहिली. म्हणून मोजणी प्रत्येक स्थलांतराला तीनदा: निघण्याआधी, दारातून आत शिरताना, बसल्यावर. मोजायचं कसं हेही शिकवावं लागतं. मुलांना ‘एक, दोन, तीन’ म्हणायला लावू नका. आठ नंबरचा शौचालयात असला की त्याचा मित्र त्याच्या वतीने ‘आठ’ ओरडतो आणि आकडा जुळतो. नजरेने मोजलं तर हलणारी मुलं दोनदा मोजली जातात. मुलांना दोन ओळींत उभं करा आणि गटताईने ओळींच्या मधून चालत प्रत्येकाच्या डोक्यावर हलकेच टपली मारत मोजावं. आठ मुलांना वीस सेकंद लागतात. मग गळ्यातल्या कार्डावर लिहिलेल्या ‘आजची हजर’ संख्येशी ताडायचं. कार्ड पट सांगत नाही, आजची हजेरी सांगतं. आठाचा गट आणि आज सातच आले असतील, तर कार्डावर पेन्सिलीने सात. नाहीतर नऊ वाजता ‘एक कमी आहे’ म्हणून धावपळ होते, आणि तीन वेळा खोटी धावपळ झाली की चौथ्या वेळी कुणी उठत नाही.

लहानांच्या गटात शौचालयाला जाण्यासाठी जोड्या पहिल्याच दिवशी पाडा. एकाला लागली की दोघं जातात. वाटेत राखीव किंवा त्याने पाठवलेली दहावीतली मुलगी सोबत, आणि शौचालयाबाहेर मावशी. मावशींना ‘लक्ष ठेवा हं’ एवढ्यावर सोडू नका. ८.४५ ते ९.३० आणि सुटायच्या आधीची वीस मिनिटं त्यांनी तिथेच स्टूल टाकून बसायचं, त्या वेळात झाडू हातात घ्यायचा नाही, हे ठरवा आणि बारा दिवसांचं वेगळं मानधन द्या. गेल्या वर्षी त्या पोरीचा आवाज ऐकणाऱ्या त्या एकट्याच होत्या. शौचालयात वाकून बघणं आणि दाराशी उभं राहणं यापलीकडे कुणीही मुलासोबत आत जायचं नाही. सहा वर्षांच्या कुणाचे कपडे ओले झाले तर बाई आणि मावशी अशा दोघी असाव्यात, आणि पिशवीतले जास्तीचे कपडे त्याचेच.

चित्रकलेच्या सरांबद्दल. विषय शिकवायला येणारा पाहुणा मुलं सांभाळायला आलेला नसतो. त्याला नावं माहीत नसतात, कोण अ‍ॅलर्जीवालं आहे माहीत नसतं, आणि तो फळ्याकडे तोंड करून उभा असतो. पण शिबिरात नेमकं हेच घडतं: सर आले की गटताया मोकळ्या झाल्या, मागे खिडकीत बसून मोबाईल सुरू. सरांच्या तासाला प्रत्येक गटताई आपल्या गटातच बसते, मुलांबरोबर रंगवते. तिला दहा मिनिटांची सुटी हवी असेल तर राखीव येऊन तिचं कार्ड आपल्या गळ्यात घालतो आणि मग ती जाते. कार्ड हातातून हातात गेलं की मुलंही गेली, ‘जरा बघ ना’ने जात नाहीत. हा नियम बाकी सगळ्यांपेक्षा जास्त कामाला येतो.

आता तुमचं. तुम्ही गट घेऊ नका, तास घेऊ नका, सूत्रसंचालन करू नका, आणि फोटोही तुम्ही काढू नका. शिबिर ज्याचं असतं त्याला गोष्ट सांगायची हौस असतेच, पण प्रमुख गोष्टीत रंगलेला असतानाच दारावर बाबा भांडायला येतात आणि मैदानावर कुणाचा गुडघा फुटतो. प्रमुखाचे हात रिकामे असले तरच त्याला धावता येतं. तुमचं काम म्हणजे दर अर्ध्या तासाला सात गटांवरून एक फेरी, प्रत्येक कार्डावरचा आकडा विचारणं, ऊन-पावसाचा निर्णय, पालकांचे फोन, आणि शेवटच्या मुलाच्या हस्तांतरानंतर कुलूप. तुम्हाला अर्धा तास बाहेर जावं लागलं तर तुमच्या जागी कोण, हेही आधी ठरलेलं असावं. आणि तो राखीव नसावा, कारण तो गेला की दोन जागा रिकाम्या होतात. पेटी सांभाळणाऱ्या ताई चालतील.

दार हे शिबिरातलं सगळ्यात वजनदार काम आहे, आणि ते सहसा ज्याला दुसरं काही जमत नाही त्याला देतात. गुरुजींना तिथे बसवताना हे त्यांना असंच सांगा. सकाळी ७.१० ते ७.३५ मुलं घेणं: नाव, गट, ‘आज बरं आहे ना’ एवढं विचारणं, आणि डोळे लाल किंवा अंग गरम वाटलं तर पालक गाडीला किक मारण्याआधी त्यांना थांबवणं. ७.४०ला गट बसले की फळ्यावर सात आकडे आणि त्यांची बेरीज. उशिरा येणाऱ्याला गुरुजींनी थेट मैदानावर सोडायचं नाही. राखीवला बोलवायचं, तो गटताईच्या हवाली करतो आणि दोन्हीकडे आकडा एकाने वाढतो.

सुटताना खरी परीक्षा. फॉर्मवर घ्यायला येणाऱ्या तिघांची नावं आणि नंबर आधीच लिहून घ्या, रिक्षाकाकांचंसुद्धा, रिक्षाच्या नंबरासकट. यादीत नसलेला माणूस आला तर मूल आतच बसतं, मग तो सख्खा मामा असो. ‘आज मामा येईल’ असा फोन आला तर हो म्हणायचं नाही. फोन ठेवायचा आणि फॉर्मवरच्या नंबरावर आपण उलटा फोन करून विचारायचं. मूल ‘हे माझे मामाच आहेत’ म्हणून हसत उडी मारेल. आई-वडिलांचा ताब्यावरून वाद असलेल्या घरांत मूल दोघांकडेही हसतच जातं, म्हणून मुलाचं हसणं हा पुरावा नाही. मोठ्या बहिणीने धाकट्याला न्यायचं असेल तर पालकांचं सहीचं पत्र हवं. आणि सगळी मुलं एकदम दाराशी नकोत. गट हॉलमध्ये बसलेले, गुरुजी नाव पुकारतात, गटताई मुलाला दारापर्यंत आणते, घेणारा सही करतो. याला पहिल्या दिवशी पस्तीस मिनिटं लागतील आणि पालक कुरकुरतील. चौथ्या दिवसापासून पंधरा लागतात.

कुणी घ्यायलाच आलं नाही तर ११.४५ला पहिला नंबर, ११.५५ला दुसरा. तोवर मूल दोन मोठ्या माणसांसोबत, सगळ्यांना दिसेल अशा जागी. एकट्याने कुणीही कुठल्याही मुलाला गाडीवरून घरी सोडायचं नाही, कितीही वाटेवर असलं तरी.

प्रथमोपचार आणि पाणी एकाच माणसाकडे द्यायचं कारण साधं आहे: मे महिन्यात सोलापुरात पेटी उघडावी लागते ती बहुतेक पाणी कमी पडल्याने. पारा चाळिशीच्या वर असतो तेव्हा मैदानावरचे खेळ ७.४५ ते ९, फार तर सव्वानऊ. पाणी ‘तहान लागली की प्या’ यावर सोडलं तर मुलं खेळाच्या नादात पीतच नाहीत आणि साडेदहाला डोकं दुखतं म्हणतात. खेळात दर वीस मिनिटांनी शिट्टी आणि प्रत्येकाने अर्धा पेला, म्हणजे सुमारे १५० मिली. उरलेल्या वेळात आणखी अर्धा लिटर. मुलामागे सकाळभरात एक लिटर आणि थोडं वर धरा, मोठ्यांना दीड. ६४ मुलं आणि मोठी माणसं मिळून नव्वद-पंच्याण्णव लिटर होतात, म्हणून २० लिटरचे पाच जार. तुमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. जारवाल्याला आदल्या संध्याकाळीच ठेवायला सांगा. सकाळी सातला ‘गाडी निघालीये’ हे उत्तर मिळतं.

पेटीत निर्जंतुक गॉज, बँडेज, चिकटपट्टी, अँटिसेप्टिक, चिमटा, हातमोजे, ओआरएसची पाकिटं, थर्मामीटर. बर्फाची पिशवी शेजारच्या कुणाच्या फ्रीजमध्ये. गोळ्या नकोत. पालकांनी स्वतः लेबल लावून, लिहून दिलेलं औषध सोडून कुणालाही काही द्यायचं नाही, क्रोसिनसुद्धा. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलं असेल तितक्याच पाण्यात, बहुतेक ते एक लिटर असतं. पेलाभर पाण्यात चिमूट टाकून देण्याची सवय मोडा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. दम्याचा पंप पेटीत नको. तो मुलाच्या गटताईच्या कमरेच्या पिशवीत. पेटीला कुलूपच नको. किल्ली असलेला माणूस नेमका झेरॉक्सला गेलेला असतो.

एक प्रसंग नीट बघून ठेवू, कारण तो बारा दिवसांत किमान दोनदा येतो: घोळणा फुटणं. रक्त दिसलं की चारजण धावतात, एक मुलाचं डोकं मागे करतो, दुसरा कांदा शोधायला जातो. डोकं मागे केलं की रक्त घशात उतरतं, पोटात जातं आणि मूल ओकतं. करायचं ते असं. मुलाला बसवा, मान थोडी पुढे. नाकाचा खालचा मऊ भाग, हाडाच्या खालचा, अंगठा आणि बोटाने घट्ट दाबून धरा आणि तोंडाने श्वास घ्यायला सांगा. दहा मिनिटं घड्याळ लावून, मध्ये ‘थांबलं का’ म्हणून सोडून न बघता. मध्ये बघितलं की पुन्हा पहिल्यापासून. दहा-दहा मिनिटं दोनदा करूनही थांबलं नाही तर डॉक्टर. हे पेटीच्या ताई करतील. गटताई आपल्या बाकीच्या सात मुलांना दुसरीकडे वळवून बसवेल. ती रक्त बघत उभी राहिली तर सातही जणं उभी राहतील.

उन्हाचं दुखणं ओळखायला तेवढंच डोळसपण लागतं. डोकं दुखणं, मळमळ, खूप घाम: सावली, पाणी, ओआरएस, आणि त्या दिवसाचा खेळ बंद. पण मूल असंबद्ध बोलायला लागलं, झोकांड्या खायला लागलं, अंग भाजतंय, तर तो उष्माघात. तिथे आधी थंड करायचं आणि सोबतच १०८ला फोन. सावलीत आडवं करून अंगावर पाणी ओतत राहा, वारा घाला, मानेला, काखेत, जांघेत बर्फ. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी नाही. फोन कुणी करायचा? तुम्ही. पेटीच्या ताईंचे हात ओले असतील.

खाऊबद्दल एकच सांगते, बाकी तुम्हाला कळतं. फॉर्मवर शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी विचारा. शेंगा चटणीच्या गावात हा प्रश्न हास्यास्पद वाटेल, पण चिवडा, भडंग, चिक्की, शेंगापोळी, सगळ्यांत तेच आहे. एकाला जरी असली तर बारा दिवस शिबिराचा खाऊ शेंगदाण्याविना: केळी, खाकरा, तिथेच कापलेलं कलिंगड. कापल्यापासून तासाभरात संपवायचं. ओलं खोबरं घातलेले पोहे घरून सातला निघून साडेनऊला खाल्ले जाणार असतील तर नकोतच.

राखीव मुलाला पहिल्या दोन दिवशी वाटतं आपल्याला काही काम दिलेलं नाही. तिसऱ्या दिवशी तो सर्वांत दमलेला असतो. साहित्याचं कोठार त्याच्याकडे, आणि दहावीच्या दोन्ही मुली त्याच्या हाताखाली: सव्वासातला प्रत्येक गटाची पिशवी भरलेली, कात्र्या मोजून दिलेल्या आणि मोजून घेतलेल्या. कटर शिबिरात आणूच नका. जे कापायचं ते मुलींनी आदल्या दिवशी कापून ठेवावं. या दोघी प्रमाणात धरायच्या नाहीत. त्या सोळाच्या आसपास असतील, तुमच्या तेरा वर्षांच्या मुलांपेक्षा थोड्याच मोठ्या. त्यांच्या ताब्यात गट द्यायचा नाही, पाच मिनिटंही नाही. त्यांच्याही पालकांची सही घ्या, त्याही तुमच्या जबाबदारीवरची मुलंच आहेत.

लग्नसराई विसरू नका. मे महिन्यात कॉलेजच्या पोरांच्या घरी एखादं तरी लग्न असतंच आणि ते आदल्या रात्री सांगतात. आताच सगळ्यांच्या तारखा भिंतीवर लावा. एक गटदादा नसला तर राखीव त्याचा गट घेतो. दोन नसले तर राखीव एक घेतो आणि मोठ्यांचे दोन गट एका गटताईसोबत हॉलमध्ये बैठ्या कामाला, दाराला कडी आणि शेजारच्याच खोलीत बाई. त्या दिवशी लगोरी, खो-खो बंद. तुम्ही किंवा पेटीच्या ताई गट घेऊन खिंड लढवायची नाही.

शिस्तीचं एकाच वाक्यात ठरवा: उठाबशा, कोंबडा, कान पिळणं, सगळ्यांसमोर अपमान, यातलं काही नाही. शाळांना २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ हेच सांगतं, आणि शिबिराने शाळेपेक्षा कडक असायचं काही कारण नाही. मारामारी करणाऱ्याला गटताईशेजारी पाच मिनिटं बसवायचं. दुसऱ्यांदा झालं तर प्रमुखाकडे. तिसऱ्यांदा घरी फोन. निवृत्त शिक्षकांना हे सांगणं अवघड जाईल, पण मीटिंगमध्ये सगळ्यांना एकत्र सांगा, एकट्याला नको.

बंद खोलीत एक मोठं आणि एक मूल असं कधीच नाही, हा नियम तुम्हालाही लागू. फोटो एकाच माणसाने, एकाच फोनवरून काढायचे, पोहण्याचे-कपडे बदलण्याचे नाहीत, आणि पालकांनी फॉर्मवर होकार दिलेल्या मुलांचेच. बाकी गटतायांचे फोन दारावरच्या डब्यात. आवारात शिट्टी पुरते. एक लांब म्हणजे थांबा, तीन म्हणजे आपापल्या गटताईकडे. नव्या स्वयंसेवकांसाठी ‘आमच्या गल्लीतलाच आहे’ हे पुरेसं नाही. ओळखपत्राची प्रत, त्याला ओळखणाऱ्या दोघांशी बोलणं, आणि पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला. त्याला वेळ लागतो, म्हणून अर्ज याच आठवड्यात.

आणि मुलाने गटताईला काही सांगितलं, घरचं, शेजारचं किंवा शिबिरातलंच, तर तिने काय करायचं हे तिला आधी माहीत असावं. शांत ऐकायचं. ‘नक्की का?’ म्हणून उलटतपासणी नाही. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचनही नाही. मुलाचे शब्द त्याच दिवशी जसेच्या तसे लिहायचे आणि तुम्हाला सांगायचं. २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ने लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर कलम २१प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘आधी समितीपुढे ठेवू’ याला कायद्यात जागा नाही. मार्ग म्हणजे पोलीस ठाणे किंवा ११२. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. तक्रार तुमच्याचबद्दल असेल तर गटताईने तुम्हाला ओलांडून थेट जायचं, हेही मीटिंगमध्ये तुम्हीच सांगा.

वळवाचा पाऊस दुपारीच येतो असं नाही. गडगडाट ऐकू आला की सगळे पक्क्या इमारतीत, कडुनिंबाखाली कुणी नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं मैदान बंद. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, विजेची आगाऊ सूचना देणारं दामिनी अ‍ॅप तुमच्या फोनमध्ये असू द्या. निर्णय तुमचा, चर्चा नाही.

शिबिराच्या आदल्या रविवारी तीन तास सगळ्यांना बोलवा. भाषण वीस मिनिटं, बाकी सराव. खेळातले सगळे बारकावे तिथे उकरू नका. एकच प्रसंग तीनदा करून बघा, हरवलेलं मूल. दहावीतली एक मुलगी लपेल. गटताई मोजते, एक कमी, तीन शिट्ट्या. सगळे गट जिथे असतील तिथे बसतात आणि मोजतात. गुरुजी फाटक लावतात आणि तिथून हलत नाहीत. शोधायला फक्त तिघं: राखीव, मावशी, तुम्ही, आणि आधी पाण्याचा हौद, मग शौचालय, मग उभ्या गाड्या. आवडीच्या जागा नंतर. पाच मिनिटांत नाही सापडलं तर पालकांना फोन, दहा मिनिटांत ११२. चोवीस तास थांबावं लागतं ही समजूत चुकीची आहे. पहिल्या सरावात सगळ्या गटताया शोधायला पळतील आणि सात गट मैदानावर वाऱ्यावर राहतील. ते होऊ द्या आणि मग विचारा, आता किती हरवली.

मानाचा प्रश्न. गुरुजींना ‘दारावर बसा’ म्हणाल तर त्यांना वॉचमन केल्यासारखं वाटेल. त्यांना आधी भेटायला जा, गेल्या वर्षीची गोष्ट सांगा आणि म्हणा की कुठल्याही बापाला ‘नाही’ म्हणू शकेल असा माणूस आमच्यात एकच आहे. ते खरंही आहे. कॉलेजच्या पोराला पालक दटावून मूल घेऊन जातील, गुरुजींना नाही. पालकांच्या पत्रकावर त्यांचं नाव ‘हजेरी व हस्तांतर’ असं पदासकट छापा. बाईंना लहानांचा गट मिळाला की त्या खूश असतील, पण त्यांना दर तासाला खुर्ची आणि दहा मिनिटं सुटी राखीवकडून पक्की करा. आणि वीस वर्षांच्या दादाने बाईंना ‘तुमचे किती?’ विचारलं तर तो उद्धटपणा ठरू नये, म्हणून तो प्रश्न पहिल्या दिवशी तुम्ही गुरुजींना सगळ्यांसमोर विचारा, आणि त्यांना मोठ्याने उत्तर देऊ द्या.

ता.क. शौचालयाच्या आतल्या कड्या शाळेला विचारून काढून टाका आणि जागी सुतळीचा फास किंवा बाहेरून नाण्याने उघडता येईल अशी खिट्टी बसवा. सुतार एप्रिलअखेर गावाला जातात, म्हणून याच आठवड्यात सांगून ठेवा. दारावर ‘आत आहे’ आणि ‘रिकामं’ अशी दोन बाजूंची पाटी दहावीच्या मुलींना रंगवायला द्या.